पुसद आणि सॉफ्टवेअर-शिक्षणाचा उलटा क्रम

सॉफ्टवेअर-विकसन हा विषय विद्यापीठीय पाठ्यक्रमात केव्हा आला यापेक्षा तो कोणत्या क्रमाने आला, हा प्रश्न पुसदसारख्या गावाच्या संदर्भात अधिक महत्त्वाचा ठरतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. यंत्र उभारणारे आणि आज्ञावली लिहिणारे यांच्यात तेव्हा फारसे अंतर नव्हते. पुढे जगभर आज्ञावल्या अवाढव्य झाल्या, मुदती टळू लागल्या, खर्च आवरेना. ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विद्यमाने परिषद भरली व ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा रूढ झाली. सारांश, हे शास्त्र अपयशाच्या चिकित्सेतून जन्मले.

पुसदला ते सिद्धान्तरूपाने पोचले. १९८३ साली अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळे झाले. त्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस अनुमती दिली, आणि पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. रेल्वे नसलेल्या, कापूस पिकविणाऱ्या मुलखात अभियांत्रिकीची पदवी मिळू लागली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु संलग्न महाविद्यालयास पाठ्यक्रम विद्यापीठाकडून येतो. त्यामुळे पुढे संगणकाच्या शाखेत शिकणाऱ्याला गरजनिश्चिती, आराखडा, लेखन, चाचणी हे टप्पे प्रथम परीक्षेची उत्तरे म्हणून भेटले. ज्या प्रश्नातून ती निघाली, तो प्रश्न मात्र भेटला नाही. ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव हा सर्वत्र रुळलेला प्रकल्पविषयही त्यास फारसा उपयोगी नव्हता, कारण तेथे कोणाचे काही अडत नाही.

वास्तविक तो प्रश्न दाराशीच होता. २०१७ च्या राज्य कर्जमाफी योजनेत अर्ज ऑनलाइन मागविण्यात आले आणि दीड लाख रुपयांची मर्यादा कुटुंबास लावण्यात आली. बँकेच्या खतावणीत मात्र कुटुंब नसते, खातेदार असतो. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब. पण मग एकाच चुलीवर जेवणारा सज्ञान मुलगा कोठे मोजावयाचा? त्यात बँकांच्या माहितीतील विसंगती पुढे आल्या, लाभार्थ्यांच्या याद्या रखडल्या, आणि यवतमाळसारख्या कर्जग्रस्त जिल्ह्यात त्या विलंबाचा अर्थ पुढील हंगामाच्या पीककर्जाशी जोडलेला होता. गरजनिश्चितीच्या प्रकरणाला याहून समर्पक उदाहरण शोधून सापडणार नाही.

येथे पुसदच्या विद्यार्थ्याचे एक बळ दुर्लक्षित राहिले असे म्हणावे लागते. खाते बापाच्या नावे, सातबारा आजोबांच्या नावे आणि राबणारे हात तिसऱ्याचेच, ही व्यवस्था त्याला घरूनच ठाऊक असते. मुंबई-पुण्याच्या विश्लेषकास हे चौकशी करून जाणून घ्यावे लागते, आणि चौकशी कोणाकडे करावी हेही पुष्कळदा उमगत नाही. तथापि हे ज्ञान गुणपत्रिकेत कोठेच नोंदले जात नाही. आणि पदवी हाती पडताच ते ज्याच्यापाशी आहे तो बहुधा पुण्याची बस धरतो.