बेकारीचें खापर

व्यापार मंदावला, कारखान्यांचीं धुराडीं थंड पडलीं आणि धडधाकट माणसें काम मागत दारोदार हिंडूं लागलीं, म्हणजे हें कशानें झालें असें विचारणारे थोडे आणि हें कोणीं केलें असें विचारणारे फार, असा अनुभव सर्व देशांत येतो. रोगाचें निदान होण्याच्या आधींच आरोपी उभा केला जातो. आणि एकदां आरोपी मिळाला कीं निदानाची निकड कोणास वाटत नाहीं. इंग्लंडच्या अर्वाचीन इतिहासांत १९३१ सालचा उन्हाळा ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. त्या वेळीं तेथें नोंदलेल्या बेकारांची संख्या सत्तावीस लाखांच्या घरांत गेली होती. त्यांच्या पोटाला द्यावयाच्या चार पैशांवरून एक मंत्रिमंडळ कोसळलें, एक पक्ष दुभंगला, आणि ज्या एका गोष्टीवर फारच थोड्यांनीं बोट ठेवलें होतें ती मात्र त्यानंतर महिन्याभरांत कोणाचा निरोपहि न घेतां नाहींशी झाली.

ती गोष्ट म्हणजे पाउंडाचा सोन्यांतील भाव. पहिल्या महायुद्धापूर्वीं एका पाउंडास ४·८६ डॉलर मिळत. युद्धाच्या धामधुमींत पाउंडाचें सोन्याशीं असलेलें नातें तुटलें, किंमती चढल्या आणि पाउंड उतरला. युद्ध संपल्यावर लंडनच्या पेढीवाल्यांचें, सरकारी खजिन्यांतील अधिकाऱ्यांचें आणि बहुतेक सर्व प्रतिष्ठित वृत्तपत्रांचें असें मत पडलें कीं, जुन्याच भावानें पुन्हां सोन्यावर जाणें हा इंग्लंडच्या अब्रूचा प्रश्न आहे. अर्थमंत्री होते चर्चिल. त्यांस हुंडणावळीच्या शास्त्राची फारशी गोडी नव्हती, पण शंका मात्र योग्य ठिकाणीं आली होती. सावकारीचा तोरा थोडा कमी झाला आणि उद्योगधंदे थोडे सुखी झाले तर आपणांस अधिक आवडेल, अशा अर्थाचें टिपण त्यांनीं आपल्या अधिकाऱ्यांस धाडलें होतें. १९२५ च्या मार्च महिन्यांत त्यांनीं उभयपक्षांचे जाणकार भोजनास बोलावून त्यांच्यांत वाद करविला. केन्स आणि माजी अर्थमंत्री मॅकेना हे विरोधी पक्षाचे. रात्र बरीच झाल्यावर चर्चिलांनीं मॅकेनांस विचारलें कीं, आपण माझ्या जागीं असतां तर काय केलें असतें? त्यावर मॅकेना म्हणाले कीं, गत्यंतर नाहीं, सोन्यावर परत जावेंच लागेल. पण हाल हाल होतील! ही हकीकत त्या भोजनास हजर असलेल्या चर्चिलांच्या चिटणिसानें पुढें लिहून ठेवली आहे. २८ एप्रिल १९२५ रोजीं चर्चिलांनीं पार्लमेंटांत जुना भाव जाहीर केला.

मॅकेनांचें भाकीत खोटें ठरलें नाहीं. पाउंड शेंकडा दहाच्या आसपास महाग झाला, ह्याचा अर्थ इंग्लंडचा कोळसा, कापड, लोखंड हीं परक्या गिऱ्हाइकास तितकींच महाग झालीं. माल खपवावयाचा तर किंमत उतरविली पाहिजे, आणि किंमत उतरवावयाची तर मजुरी कापली पाहिजे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ह्या क्रियेस मोठीं गुळगुळीत नांवें आहेत. डरॅमच्या खाणीत उतरणाऱ्याच्या घरीं तीस काय म्हणत असतील तें सांगावयास नको. पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडली. १९२६ च्या मे महिन्यांत इतर अनेक धंद्यांतील कामकऱ्यांनीं खाणवाल्यांच्या पाठिंब्यासाठीं नऊ दिवस संप केला. तो मोडल्यावरहि खाणवाले एकटे वर्षाच्या अखेरीपर्यंत झुंजले, आणि शेवटीं भुकेनें बेजार होऊन कमी मजुरीवर व अधिक तासांवर कामास परतले. केन्सनें एक चोपडें लिहून चर्चिलांस नांवानिशीं दोष दिला, पण तो एकाकी पडला. स्वतः मजूर पक्षाचे अर्थशास्त्री फिलिप स्नोडन ह्यांसहि सोन्यावर परतणें तत्त्वतः मान्य होतें; त्यांची तक्रार काय ती घाईबद्दल होती. ज्या निर्णयास सर्व पक्षांची संमति असते त्याच्यावर फिर्याद दाखल करणार कोण?

तेव्हां फिर्याद दाखल झाली ती बेकारावरच. इंग्लंडांत १९११ पासून बेकारीच्या विम्याचा कायदा होता आणि १९२० मध्यें तो बहुतेक सर्व औद्योगिक कामकऱ्यांस लागू झाला. कामकरी, मालक व सरकार अशा तिघांच्या वर्गणीनें हा निधि चाले. म्हणजे ज्यास लोक तुच्छतेनें 'डोल' म्हणत, त्यांत त्या माणसाच्या स्वतःच्या घामाचा पैसाहि होता. पण भत्ता मिळण्यास एक अट होती. आपण खरोखरीच काम शोधीत आहों असें अर्जदारानें पटवून दिलें पाहिजे! ज्या गांवची एकुलती एक गिरणी बंद पडली आहे तेथला विणकर रोज सकाळीं त्याच बंद दरवाज्यावर जाऊन आला कीं नाहीं, ह्याची चौकशी कचेरींत होई, आणि उत्तर समाधानकारक न वाटल्यास भत्ता बंद होई. असे लाखों अर्ज नामंजूर झाले. वर्गांत हा नियम सांगितला म्हणजे विद्यार्थी हसतात. परंतु 'काम करणाऱ्यास काम मिळतेंच' हें वाक्य आपण सुशिक्षित लोक जेवणाच्या पानावर किती सहज बोलून जातों, हें आठवलें म्हणजे हंसूं आवरतें घ्यावें लागतें. ही अट मजूर सरकारनें १९३० सालीं काढून टाकली.

हें मजूर सरकार जून १९२९ मध्यें अधिकारावर आलें. रॅम्से मॅक्डोनल्ड पंतप्रधान आणि स्नोडन अर्थमंत्री. तेव्हां बेकार सुमारें अकरा-बारा लाख होते. पुढें चारच महिन्यांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, जगाचा व्यापार आटत गेला आणि दोन वर्षांत ही संख्या दुपटीच्याहि वर गेली. भत्त्याचा निधि साहजिकच कर्जांत बुडाला. सरकारी खर्चांत काटकसर सुचविण्यासाठीं सर जॉर्ज मे ह्या विमा व्यवसायांतल्या अनुभवी गृहस्थांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली होती. तिचा अहवाल १९३१ च्या जुलैअखेर बाहेर पडला. पुढील वर्षीं १२ कोटी पाउंडांची तूट येणार, तेव्हां सुमारें ९ कोटी ६५ लक्षांची काटछाट करा आणि त्यांपैकीं ६ कोटी ६५ लक्ष बेकारांच्या विम्यांतून काढा, भत्ता शेंकडा वीस उतरवा, असा तिचा मथितार्थ. बारा कोटींच्या ह्या भयंकर आंकड्यांत जुन्या कर्जाच्या फेडीसाठीं बाजूला टाकावयाचे सुमारें पांच कोटीहि तूट म्हणूनच धरलेले होते, ही गोष्ट अर्थात् मथळ्यांत आली नाहीं. समितींतील दोन मजूर सभासदांनीं भिन्नमत नोंदविलें. तें कोणीं वाचलें नाहीं.

मे महिन्यांत व्हिएन्नाची मोठी बँक बुडाली होती, जुलैंत जर्मनीच्या बँकांनीं दारें लावलीं होतीं. परदेशी ठेवीदार आधींच बिथरलेले. त्यांच्या हातीं हा अहवाल पडला. इंग्लंडचें सरकार दिवाळखोर झालें असें खुद्द इंग्लंडच्याच समितीनें लिहून दिल्यावर लंडनांत पैसा कोण ठेवील? सोनें बाहेर वाहूं लागलें. तें थांबवावयास न्यूयॉर्क व पॅरिस येथून कर्ज हवें होतें, आणि कर्ज देणाऱ्यांस काटकसरीची हमी हवी होती. २३ ऑगस्टच्या रविवारीं संध्याकाळीं ब्रिटिश मंत्री डाउनिंग स्ट्रीटवरील बागेंत न्यूयॉर्कच्या मॉर्गन पेढीच्या तारेची वाट पाहत बसले होते. तार आली. भत्त्यांत शेंकडा दहा कपात करावी कीं नाहीं ह्यावर मंत्रिमंडळांत अकरा विरुद्ध नऊ अशी फूट पडली. दुसऱ्या दिवशीं मजूर सरकार संपलें, आणि मॅक्डोनल्ड हेच हुजूर व उदार पक्षीयांस घेऊन 'राष्ट्रीय' सरकारचे पंतप्रधान झाले.

बेकार पुरुषाचा आठवड्याचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सांवर आला. न्यायानें बोलावयाचें तर कपात त्याच्या एकट्याचीच झाली नाहीं. शिक्षक, पोलीस, न्यायाधीश ह्यांच्या वेतनासहि कात्री लागली आणि प्राप्तीवरचा कर वाढला. शिवाय जिन्नस स्वस्त झाल्यामुळें सतरा शिलिंगांत पूर्वींपेक्षां अधिक माल येतो, हा सरकारचा युक्तिवादहि अगदींच पोकळ नव्हता. पण हा सर्व त्याग ज्या देवतेसाठीं केला तिचें काय झालें? सप्टेंबरच्या मध्यास इन्व्हरगॉर्डन येथें आरमारी खलाशांनीं पगारकपातीविरुद्ध काम नाकारलें. ही बातमी पसरतांच उरलेसुरले ठेवीदारहि पळाले, आणि २१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें सोन्याचें बंधन सोडून दिलें. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मॉन्टेग्यू नॉर्मन प्रकृतीसाठीं कॅनडास गेले होते. 'म्हातारी सोमवारीं निघाली' अशी सांकेतिक तार त्यांस गेली, आणि आपली आईच कोठें हवापालटास निघाली असा त्यांचा समज झाला, अशी आख्यायिका आहे. 'म्हातारी' हें त्या बँकेचें लाडकें नांव.

आणि प्रलय झाला नाहीं. पाउंड साडेतीन डॉलरांच्याहि खालीं उतरला, पण इंग्लंडांत दुकानें उघडलीं, पाव पूर्वींच्याच भावानें विकला गेला. पुढल्या जूनपर्यंत बँकेचा व्याजाचा दर शेंकडा दोनवर आला आणि दक्षिण इंग्लंडांत लाखों घरें उभीं राहूं लागलीं. असें करतां येतें हें आम्हांस कोणीं सांगितलेंच नाहीं, असा उद्गार पदच्युत मजूर मंत्र्यांपैकीं एकाच्या तोंडीं घालतात. तो कोणाचाहि असो, त्यांत त्या काळचा सगळा इतिहास आला.

ह्याच दिवसाचा दुसरा धागा आपल्या घरापर्यंत येतो. युद्धापूर्वीं रुपया १६ पेन्सांचा होता. १९२७ च्या कायद्यानें तो १८ पेन्सांचा झाला. एका पाउंडाचा माल परदेशीं विकणाऱ्या शेतकऱ्यास जेथें १५ रुपये मिळाले असते, तेथें १३ रुपये ५ आणे ४ पै मिळूं लागले. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनीं चलन कमिशनच्या अहवालास भिन्नमतपत्रिका जोडून हा धोका आधींच सांगितला होता. २१ सप्टेंबरला सिमल्याहून वटहुकूम निघाला आणि रुपया आतां मोकळा होतो कीं काय असें क्षणभर वाटलें. पण लंडनहून भारतमंत्री होअर ह्यांनीं रुपया त्याच १८ पेन्सांनीं पाउंडाच्या शेपटास बांधल्याचें जाहीर केलें. इंग्लंडनें आपली बेडी तोडली, आमची शाबूत ठेवली. पिकांचे भाव दोन वर्षांत निम्म्यावर आले होते, सारा व सावकाराचें व्याज मात्र जुन्याच आंकड्यानें द्यावयाचें होतें. पाउंडाबरोबर रुपया उतरल्यानें सोन्याचा भाव चढला, आणि पाटल्या, गोठ, तोडे घरांतून बाहेर पडून मुंबईच्या बंदरावर आले. १९३० नंतरच्या दशकांत सुमारें ३०० कोटी रुपयांचें सोनें ह्या देशांतून गेलें. सरकारचे अर्थसचिव म्हणत कीं, लोक चढत्या भावाचा फायदा घेत आहेत. लंडनांत चेंबरलेन मात्र खासगी पत्रांत हिंदुस्थानांत सांपडलेल्या ह्या सोन्याच्या खाणीबद्दल मोकळेपणानें समाधान व्यक्त करीत होते. आमच्या पुढाऱ्यांनीं पुढें प्रत्येक दुःखाचें मूळ ह्या अठरा पेन्सांतच शोधलें, तेंहि खरें नव्हे. ज्या देशांचीं नाणीं उतरलीं तेथील शेतकरीहि त्या मंदींत भरडला गेला.

असो. इंग्लंडांत वाद मिटला नाहीं, आरोपी तेवढे बदलले. मजूर पक्षानें सांगितलें कीं, हा सावकारांचा कट आणि मॅक्डोनल्डांचा विश्वासघात. हें कथानक पक्षास फार सोयीचें होतें, कारण त्यामुळें दोन वर्षें अधिकारावर असतां स्वतः काय केलें हा प्रश्न टळला. मोस्लेंचा सार्वजनिक कामांचा आराखडा त्याच मंत्रिमंडळानें १९३० सालीं फेटाळला होता. पुढें हे गृहस्थ भलत्याच वाटेस गेले, पण त्यामुळें आराखडा वाईट ठरत नाहीं. मॅक्डोनल्ड मला विश्वासघातकी वाटत नाहींत. ज्यांचें शास्त्र आपणांस येत नाहीं अशांच्या हातीं देश सुरक्षित आहे असें मानणारे ते एक थकलेले गृहस्थ होते. पेढीवाले तरी कट कशाला करतील? त्यांचा आपल्या सूत्रावर प्रामाणिक विश्वास होता, आणि कटापेक्षां तोच अधिक महाग पडला. ऑक्टोबरच्या निवडणुकींत जनतेनें राष्ट्रीय सरकारास ५५४ जागा दिल्या. ज्या पाउंडाच्या रक्षणासाठीं तें सरकार जन्मलें तो पाउंड महिन्याभरापूर्वींच पडला होता, ह्याची मतदारांस अडचण वाटली नाहीं.

उत्तरेकडील बेकारांस मात्र स्वस्त व्याजाचा लाभ पोंचला नाहीं. १९३३ च्या जानेवारींत बेकार तीस लाखांस टेकले. ज्यांच्या विम्याची मुदत संपली होती त्यांच्या घरीं १९३१ च्या नोव्हेंबरपासून 'ऐपत-तपासणी' सुरू झाली. मुलगा मिळवता असला कीं बापाचा भत्ता कमी, घरांत बरें कपाट असलें तर तें आधीं विका. टाइन नदीकांठच्या जॅरो गांवची जहाजें बांधणारी पामर कंपनी बंद पडल्यावर गांवांत काम असें उरलेंच नाहीं. १९३६ च्या ऑक्टोबरांत तेथील सुमारें दोनशें पुरुष आपल्या पार्लमेंट सभासद एलेन विल्किन्सन ह्यांच्यासह अर्ज घेऊन लंडनपर्यंत, तीनशें मैलांच्या आसपास, पायीं गेले. पंतप्रधान बाल्डविन ह्यांनीं त्यांस भेट दिली नाहीं. परत आल्यावर त्यांस कळलें कीं त्यांच्या भत्त्यास कात्री लागली आहे, कारण वाटेवर असतां ते कामासाठीं उपलब्ध नव्हते.