रसायनज्ञ आणि छापील पान



शोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा उभी राहते. काचेची पात्रे, शेगडीवर उकळणारी द्रावणे आणि त्यांवर डोळे लावून बसलेला एखादा एकांतप्रिय पुरुष, असे ते चित्र असते. परंतु शोध लागला म्हणजे काम संपले, असे शास्त्राच्या जगात मानीत नाहीत. तो कोठे तरी छापून यावा लागतो. दुसऱ्यांनी तो वाचावा, त्याबरहुकूम प्रयोग करून पाहावा आणि ‘होय, असेच घडते’ अशी साक्ष द्यावी, तेव्हा कोठे त्याला ज्ञानाच्या पंक्तीत पाट मिळतो. जमिनीत पुरलेल्या मोहरांनी बाजार चालत नाही. वहीत राहिलेल्या शोधाने शास्त्रही चालत नाही.

प्रयोगशाळेत न्यायासनावर निसर्ग बसलेला असतो. छापखान्याच्या दाराशी मात्र माणूस बसलेला असतो, आणि माणूस चुकतो. तो चुकला म्हणजे नुकसान कोणाचे होते, संशोधकाचे की शास्त्राचे? आज काही रसायनज्ञांच्या चरित्रांच्या आधाराने आपल्याला ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पहिला मान स्वीडनमधील कार्ल शेले ह्याचा. हा १७४२ साली जन्मला आणि औषधी विकणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी करीत रसायनविद्या शिकला. विद्यापीठाची पदवी नाही, हाताशी साधने बेताची. पण हात असा की ज्याला लागेल त्यातून काही नवे निघावे. १७७१-७२ च्या सुमारास त्याने सोरा, पाऱ्याचे भस्म इत्यादी पदार्थ तापवून एक वायू मिळविला. त्यात दिवा लख्ख जळे, म्हणून त्याने त्याला ‘अग्निवायू’ म्हटले. आपण ज्याला प्राणवायू म्हणतो तोच हा. ही हकीकत सांगणारा ग्रंथ त्याने लिहिला आणि १७७५ च्या अखेरीस तो मुद्रकाच्या हाती दिला. पण त्याला प्रस्तावना हवी होती ती बेर्गमान ह्या प्रसिद्ध पंडिताची. प्रस्तावना लांबली, छपाई रेंगाळली आणि ग्रंथ बाहेर पडला तो १७७७ साली. मध्यंतरी इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली ह्याने १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याच्या भस्मातून तोच वायू काढला आणि १७७५ साली ती वार्ता छापूनही टाकली. जगाने श्रेय प्रीस्टलीला दिले. आज शेलेच्या टिपणांवरून त्याचा अग्रक्रम इतिहासकार मान्य करतात. पण शेले १७८६ साली, वयाच्या ४३ व्या वर्षीच, निवर्तला होता. येथे कोणाचा दुष्टावा नव्हता. नुसत्या दिरंगाईने एवढे केले.

दुसरी हकीकत दिरंगाईची नाही, उपहासाची आहे. लंडनमध्ये जॉन न्यूलंड्स नावाचा रसायनज्ञ होता. मूलद्रव्ये त्यांच्या अणुभारांच्या क्रमाने मांडली असता दर आठवे मूलद्रव्य गुणांनी पहिल्याशी जुळते, असे त्याच्या ध्यानात आले. आपल्याला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. षड्जापासून निघालेला गवई सात स्वर ओलांडून आठव्याला पुन्हा षड्जावर येतो, तसेच हे. न्यूलंड्सनेही संगीताचीच उपमा घेतली आणि ती त्याला नडली. १ मार्च १८६६ रोजी केमिकल सोसायटीपुढे त्याने हा विचार मांडला, तेव्हा फॉस्टर नावाच्या प्राध्यापकाने विचारले की, मूलद्रव्यांची नावे आद्याक्षरांच्या क्रमाने लावून पाहिली आहेत काय? सोसायटीने निबंध छापला नाही. केवळ तात्त्विक स्वरूपाचे लेखन छापावयाचे नाही असा संस्थेचा रिवाज आहे, असे कारण पुढे सांगण्यात आले. तीन वर्षांनी, १८६९ साली, रशियात मेंडेलीव्हचे कोष्टक प्रसिद्ध झाले.

आता न्यायाने बोलावयाचे तर न्यूलंड्सच्या मांडणीत दोष होते. कॅल्शियमच्या पुढे त्याचे सप्तक बेसूर होई. काही घरांत त्याने दोन-दोन मूलद्रव्ये कोंबली होती. मेंडेलीव्हने घरे रिकामी सोडली आणि त्यांत पुढे कोण येईल ह्याचे भाकीत केले. १८७५ साली गॅलियम, १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडून ती घरे भरली. तेव्हा मेंडेलीव्हचा अधिकार मोठाच. पण एखादे मत सदोष असणे निराळे आणि ते ऐकून घेण्यासही अपात्र असणे निराळे. निबंध छापला गेला असता तर दोष दाखविणारे पुढे आले असते, न्यूलंड्सने ते सुधारलेही असते. हसण्याला मात्र उत्तर देता येत नाही. ह्या गृहस्थाने साखरेच्या धंद्यात रसायनज्ञ म्हणून पोट भरले, आणि १८८४ साली आपले जुने लेख एकत्र करून, पहिले पाऊल आपले होते हे दाखविणारे पुस्तक काढले. १८८७ साली रॉयल सोसायटीने त्याला डेव्ही पदक दिले. मेंडेलीव्ह आणि लोथार मायर ह्यांना ते पाच वर्षे आधीच मिळाले होते.

कोणी म्हणेल, ह्या गेल्या शतकांतल्या गोष्टी. तर विसाव्या शतकात या. हिटलरच्या राजवटीमुळे १९३३ साली जर्मनी सोडून इंग्लंडात आलेले हान्स क्रेब्ज हे शेफील्ड येथे काम करीत होते. अन्नाचे ज्वलन शरीरात ज्या रासायनिक चक्राने होते, ते सायट्रिक आम्लाचे चक्र त्यांनी १९३७ साली उलगडले आणि ‘नेचर’ ह्या साप्ताहिकाकडे पत्ररूपाने पाठविले. संपादकांनी कळविले की हाती मजकूर फार साचला आहे, तूर्त जागा नाही. क्रेब्ज ह्यांनी तो निबंध हॉलंडातील एका नियतकालिकात छापून घेतला. १९५३ साली ह्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्यांनी हा नकार नमूद करून ठेवला आहे.

योगायोग पाहा. त्याच चक्राची नक्कल परीक्षानळीत साधावी म्हणून मॉस्कोमध्ये बोरिस बेलोउसोव्ह हे प्रयोग करीत होते. सायट्रिक आम्ल, ब्रोमेट, सीरियमचा क्षार आणि आम्ल ह्यांचे मिश्रण त्यांनी केले आणि पाहतात तो काय, द्रावण पिवळे होई, मग रंग उडून जाई, पुन्हा पिवळे होई. जणू भांडे श्वासोच्छ्वास करीत आहे! १९५१ साली त्यांनी हे लिहून पाठविले. उत्तर आले की असे घडणे अशक्य आहे. रासायनिक क्रिया एका दिशेने जाऊन थांबते, ती घड्याळाच्या लंबकासारखी झोके घेत नाही, अशी संपादकांची समजूत होती. वस्तुतः येथे निसर्गनियमाचा भंग काहीच नव्हता. एकंदर क्रिया पुढेच जात होती. मधल्या पायऱ्यांवरील पदार्थांचे प्रमाण तेवढे वरखाली होत होते. पण भांडे डोळ्यांनी पाहण्याऐवजी सिद्धान्ताकडे पाहूनच निकाल दिला गेला. पुढे आणखी एक नकार पदरी पडल्यावर बेलोउसोव्ह ह्यांनी हात टेकले. त्यांचे जेमतेम दोन पानांचे टिपण १९५९ साली किरणोत्सर्गविषयक वैद्यकाच्या एका संग्रहात छापले गेले. रसायनज्ञ तेथे कशाला पाहावयास जातात! झाबोटिन्स्की नावाच्या तरुणाने १९६१ पासून हे काम पुढे नेले, म्हणून ते वाचले. १९८० साली ह्या शोधासाठी लेनिन पारितोषिक जाहीर झाले, त्यात बेलोउसोव्ह ह्यांचेही नाव होते. त्यांना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

इतके ऐकल्यावर श्रोत्यांच्या मनात येईल की, मग ह्यावर उपाय काय? एक उत्तर आपल्याच देशात एका रसायनज्ञाने दिले आहे. ते म्हणजे आचार्य प्रफुल्लचंद्र राय. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना, पाऱ्यावर थंड व सौम्य नत्राम्लाची क्रिया होऊ दिली असता पिवळे स्फटिक तयार होतात असे त्यांना दिसले. हा पदार्थ म्हणजे मर्क्युरस नायट्राइट. ह्या शोधाने आपल्या आयुष्याचे नवे प्रकरण सुरू झाले, असे आत्मचरित्रात ते सांगतात. १८९६ साली तो प्रसिद्ध झाला, पण कोठे? बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत. म्हणजे जेथे शिलालेख, नाणी आणि जुन्या पोथ्या ह्यांच्या चर्चा चालत त्या ठिकाणी! रसायनाचे म्हणून वेगळे नियतकालिक ह्या देशात नव्हते. त्यांच्या शिष्यांचे निबंध समुद्रापार जात आणि तिकडच्या निकालाची वाट पाहत. रायांनी नुसती तक्रार केली नाही. विद्यार्थी घडविले, कारखाना काढला, प्राचीन भारतीय रसायनविद्येचा इतिहास लिहिला. आणि १९२४ साली इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. सोसायटीची त्रैमासिक पत्रिकाही निघाली. इकडच्या माणसाला आपले काम इकडे मांडण्याचे दार उघडले.

आपले नामदार गोखले ह्या रायांचे स्नेही होते. कलकत्त्यास गांधीजी गोखल्यांकडे उतरले होते, तेव्हा गोखल्यांनी रायांची ओळख करून दिली ती अशी की, ह्यांना महिना आठशे रुपये पगार; पैकी चाळीस स्वतःसाठी ठेवतात आणि बाकीचे लोककार्यास देतात. पत्रिका आणि संस्था कशा उभ्या राहतात, ह्याचे रहस्य त्या चाळीस रुपयांत आहे.

मघाच्या प्रश्नाकडे परत येऊ. नुकसान दोघांचेही होते, पण सारखे नाही. शास्त्राचे नुकसान उशिराचे. ते पुढे भरून निघते. माणसाचे नुकसान त्याच्या आयुष्याचे. ते पदकाने भरून निघत नाही, आणि मरणोत्तर पारितोषिकाने तर नाहीच. परीक्षक नकोत, असा ह्याचा अर्थ नव्हे; धान्य निवडल्याशिवाय भाकरीत खडे यायचेच. निवडणाऱ्याने मात्र खडा आणि अनोळखी दाणा ह्यांत फरक करावा. आणि सारा गाव एकाच सुपावर अवलंबून नसावा. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले ते वर्गणीदारांच्या भरवशावर. विद्वानांचे निकाल विद्वान लावोत. पण अशी जास्तीची दारे उघडी ठेवण्याचे काम आपल्यासारख्या साध्या वाचकांच्या हातात आहे, आणि त्याला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.