कोऱ्या पत्राची नोंद

पुणतांब्याला गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षे मृत्यूला हुलकावणी देणाऱ्या या योग्याने ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले. पण मायना काय घालावा हे न उमगल्याने कागद कोराच धाडला, अशी कथा आहे. महाराष्ट्रातील कर्करोग-संशोधनाच्या इतिहासातही ग्रामीण भागाचे पान दीर्घकाळ असेच कोरे राहिले.

आरंभीचा पैसा खासगी शोकातून आला. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ १९३२ साली त्या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. १९५२ मध्ये तेथेच संशोधन केंद्र निघाले. वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली कमल रणदिवे यांनी तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९६२ साली रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे गेले आणि दानाच्या जोडीला सरकारी अनुदानाचा भक्कम आधार आला.

तथापि संशोधनाला निधीइतकीच नोंद लागते. जो रुग्ण परळपर्यंत पोचतच नाही, त्याचा आजार कोणत्या वहीत उतरणार? १९८७ साली बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. या वहीने पुढच्या मोठ्या प्रयोगाची भूमी तयार केली.

तो प्रयोग १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुरू झाला. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा. काम बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे. ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. तीन गटांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी निरनिराळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीच्याच आरोग्यसेवेवर ठेवले गेले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची एकच चाचणी दिलेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४.

या दोन आकड्यांमधील अंतर हेच संशोधनाचे फलित, आणि तोच त्यावरचा गंभीर आक्षेपही. तपासणी उपयोगी असते हे ठाऊक असताना एका गटाला तिच्यावाचून ठेवणे न्याय्य होते काय? त्या गावांत एरवीही तपासणी पोचतच नव्हती, हे समर्थन वस्तुस्थितीला धरून आहे. पण ती वस्तुस्थिती हाच मुळात दोष होता, हे त्यातून सुटत नाही.

म्हणून कर्करोग-संशोधनाच्या साधनांचा ताळेबंद मांडताना देणगीदारांच्या नावांपाशी थांबता येत नाही. चौथ्या गटातील स्त्रियांनी दिलेले कोणत्याही अनुदानाच्या हिशेबात दिसत नाही. जगाला मिळालेल्या ज्ञानाच्या त्याही धनको आहेत, आणि त्यांच्या लेकी-सुनांच्या गावी ती चाचणी नियमित पोचेपर्यंत हे देणे फिटले असे म्हणता येणार नाही.