नवापूरच्या कोंबड्या आणि लहानपणीचा फ्लू

१८ फेब्रुवारी २००६, शनिवार. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या मेलेल्या कोंबड्यांत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू सापडल्याचं जाहीर झालं. भारतातली पहिलीच नोंद. (हेच ते नवापूर, ज्याचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे.) लाखो कोंबड्या मारून पुरल्या. इकडे पुण्यात आमच्या कॅन्टीनमधून चिकन गायब झालं, तिकडे पोल्ट्रीवाल्यांचं आख्खं भांडवल खड्ड्यात गेलं.

माणसांचेही नमुने तपासले, पण बर्ड फ्लू कुणालाच निघाला नाही. हा विषाणू माणसाला सहजासहजी लागत नाही. लागला तर मात्र जगभरातल्या नोंदलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावलेत. आणि त्यात मुलं नि तरुणच जास्त! फ्लू तर म्हाताऱ्यांना जास्त छळतो ना? उलट २०१३ साली चीनमध्ये आलेल्या एच७एन९ या दुसऱ्या बर्ड फ्लूने वयस्करांनाच गाठलं. असं का?

याचा धागा बराच मागे जातो. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. फ्लूचं तसं नाही, तो रूप बदलून येत राहतो. पण १९६० साली थॉमस फ्रान्सिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं, की माणसाच्या रक्तात सगळ्यात दणकट प्रतिपिंडं सापडतात ती लहानपणी भेटलेल्या पहिल्या फ्लूविरुद्धची. पुढे नवा फ्लू आला तरी शरीर आधी त्या जुन्याच आठवणी उपसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिलं इन्स्टॉल झालेलं व्हर्जन कधी पूर्ण पुसलंच जात नाही.

आता पहिला फ्लू कुठला, ते जन्मसालावर ठरतं. १९१८ च्या साथीपासून १९५७ पर्यंत एच१एन१ चं राज्य होतं. मग १९६८ पर्यंत एच२एन२, त्यानंतर एच३एन२. (१९७७ मध्ये एच१एन१ परत आला आणि घोळ वाढला. असो.) या विषाणूंच्या अंगावरचं मुख्य प्रथिन भूछत्रासारखं असतं. टोपी सारखी बदलते, देठ फारसा नाही. एच१, एच२ आणि एच५ यांचे देठ एकमेकांसारखे. एच३ आणि एच७ हे दुसऱ्या घराण्यातले.

२०१६ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने सहा देशांतल्या रुग्णांची जन्मसालं तपासली. सीमा नेमकी १९६८ वर! आधी जन्मलेल्यांना एच५एन१ पासून बरंच संरक्षण, नंतरच्यांना एच७एन९ पासून. म्हणजे नवापूरच्या एखाद्या शेडमध्ये १९५० साली जन्मलेला मालक आणि १९७० साली जन्मलेला मजूर यांनी एकच मेलेली कोंबडी उचलली असती, तरी दोघांचा धोका सारखा नव्हता. दोघांनाही ते ठाऊक असण्याचं कारण नाही. आणि बालपणीचा ताप काही कुणी निवडून घेत नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला, पुन्हा कोंबड्या मारल्या. त्याच वर्षी जुलैत दिल्लीच्या एम्समध्ये एच५एन१ ने भारतातला पहिला नोंदलेला मानवी बळी घेतला. मुलगा अवघा ११ वर्षांचा होता.