प्रवाळ मत्स्यालयातील उपद्रवी शैवले व त्यांचे नियंत्रण

घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात जिवंत प्रवाळ जोपासताना खडक, वाळू, काच आणि प्रसंगी प्रवाळांवरही नको तितकी माजणारी शैवले. केसाळ हिरवे शेवाळ (डर्बेशिया, क्लॅडोफोरा), पिसाच्या आकाराचे ब्रायॉप्सिस आणि हिरव्या फुग्यांचे व्हॅलोनिया ही खरी शैवले. लालसर, बुळबुळीत चादर पसरवणारे सायनोबॅक्टेरिया हे जीवाणू, तर तपकिरी चिकट तारा सोडणारे डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय सजीव. मत्स्यपालक या सर्वांना सरसकट शेवाळ म्हणतात. मात्र प्रत्येकाचा उपाय निराळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याच्या पथ्यावर पडतो. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी ओळख पटवणे महत्त्वाचे.

सर्व शैवले वाईट नव्हेत. प्रवाळांना बहुतांश अन्न पुरवणारी झूझँथेली ही त्यांच्या पेशींत राहणारी शैवलेच आहेत, आणि खडकांवर गुलाबी-जांभळा चुनखडीचा थर देणारे कोरलाइन शैवल तर हवेहवेसे असते. निसर्गातील प्रवाळभित्ती स्वच्छ दिसते, ती तिथे शेवाळ उगवत नाही म्हणून नव्हे, तर उगवताच खाल्ले जाते म्हणून. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील डायाडेमा अँटिलॅरम हे लांब काट्यांचे सागरी अर्चिन साथीत ९० टक्क्यांहून अधिक मेले. जमैकात शाकाहारी मासेही मासेमारीमुळे आधीच घटले होते. तिथल्या भित्ती पुढच्या काही वर्षांत शैवलांखाली गेल्या. घरातल्या काचपेटीत हीच गोष्ट लहान प्रमाणावर घडते. खाणारे थोडे, खत भरपूर आणि प्रकाश रोज ठरल्या वेळी हजर.

खत येते ते मुख्यतः मालकाच्या हातून. टाकीतील नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचा जमाखर्च मांडला की निम्मे कोडे सुटते. सुक्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो असे धरले, तर १ ग्रॅम खाद्यातून १० मिलिग्रॅम फॉस्फरस म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट येते. ते सगळे पाण्यात उतरले तर २०० लिटरच्या टाकीत फॉस्फेट ०.१५ पीपीएमने चढेल, आणि हा फक्त एका चिमटीचा हिशेब झाला. माशांच्या व प्रवाळांच्या अंगी लागते आणि बाहेर काढले जाते तेवढेच खर्ची पडते, बाकी शिल्लक राहते. गोठवलेले खाद्य वितळवून, गाळणीत निथळून घातल्यास त्याचे पाणी तरी टाकीत जात नाही.

पाण्याचा स्रोत हे दुसरे कारण. नळाच्या, बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट यांपैकी काही ना काही असतेच. स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे पाणीही इथे चालत नाही. चवीसाठी त्यात बहुधा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते आणि काढलेले क्षार त्यातून पुन्हा मिसळले जातात. टाकीसाठी आरओनंतर, उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून गेलेले, मीटरवर शून्य टीडीएस दाखवणारे पाणी घ्यावे. बाष्पीभवनाने घटलेली पातळी भरायलाही हेच पाणी वापरावे, कारण पाणी उडून जाते पण त्यातील क्षार टाकीतच साचत राहतात.

चाचणीचा आकडा मात्र जपून वाचावा. टाकी हिरवीगार असूनही फॉस्फेट शून्य दिसते, याचा अर्थ फॉस्फेट नाही असा नव्हे. शेवाळ ते हातोहात खाऊन टाकते. शिवाय चुनखडीचा खडक फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातले प्रमाण घटले की हळूहळू सोडतो. जुन्या, वर्षानुवर्षे भरपूर खाद्य पडलेल्या टाकीत सुधारणा दिसायला महिने लागतात ते यामुळे.

ओळखीसाठी काही खुणा. नव्या टाकीत पहिल्या आठवड्यांत वाळूवर पडणारी तपकिरी पूड बहुधा डायाटम या सूक्ष्म शैवलाची असते आणि सिलिकेट संपले की आपोआप ओसरते. तिच्यामागे धावू नये. डर्बेशियाचे मऊ तंतू बोटांत धरले की लिबलिबीत होऊन सुटतात, तर ब्रायॉप्सिसच्या काडीला दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या असतात. सायनोबॅक्टेरियाची चादर नळीने ओढली की सलग निघते. डायनोफ्लॅजेलेटच्या तारांच्या टोकांना प्राणवायूचे बुडबुडे लटकतात आणि रात्री तारा विरतात. खात्री नसेल तर नमुना बाटलीत घालून जोरात हलवावा, गाळणकागदातून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवावे. त्यात पुन्हा चिकट गोळा जमला तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय घट्ट होतो. ४०० पट मोठे दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक असल्यास वाद उरत नाही.

हाताने काढणे हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत भरवशाचा उपाय. खडक टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घेऊन ब्रशने घासावा, म्हणजे तुकडे टाकीभर पसरत नाहीत. व्हॅलोनियाचा फुगा ही एकच प्रचंड पेशी असते. तो न फोडता बोथट पात्याने बुडाशी उचकटावा आणि शेजारी नळी लावून लगेच ओढून घ्यावा. पुढचे काम पाण्यातील पोषकद्रव्ये टाकीबाहेर कायमची काढण्याचे. त्यासाठी फेसाबरोबर मळ बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर असतो आणि संपमध्ये (टाकीला जोडलेल्या खालच्या पेटीत) रात्रीच्या दिव्याखाली वाढवलेले किटोमॉर्फा असते. हे निरुपद्रवी शैवल वाढले की मूठभर काढून टाकायचे. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी विकसित केलेल्या ‘अल्गल टर्फ स्क्रबर’ पद्धतीचे तत्त्व तेच आहे : जाळीवर, तेजस्वी दिव्याखाली शेवाळ मुद्दाम वाढवायचे आणि ठरावीक दिवसांनी खरवडायचे. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे फॉस्फेट झपाट्याने शोषतात, पण एकदम पूर्ण मात्रा घातली तर प्रवाळांना धक्का बसतो.

अतिउत्साही माणसाचे नुकसान होते ते इथेच. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणले की केसाळ शेवाळ जाते खरे, पण प्रवाळ फिके पडतात आणि मोकळ्या जागी डायनोफ्लॅजेलेट येतात. आगीतून फुफाट्यात. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढे राहू देणे बहुतेक टाक्यांना मानवते. ऑस्ट्रिऑप्सिस ही डायनोफ्लॅजेलेटची प्रजाती रात्री पाण्यात तरंगते, त्यामुळे तिच्यावर अतिनील दिवा चालतो. ॲम्फिडिनियम वाळूतच राहते, त्यावर तो फारसा चालत नाही. ऑस्ट्रिऑप्सिस विषारीही असते. २००५ मध्ये इटलीतील जेनोवाच्या किनाऱ्यावर तिच्या बहरामुळे सुमारे २०० जणांना श्वसनाचा त्रास झाला होता. अशी टाकी साफ करताना हातमोजे घालावेत.

चरणारे प्राणी हे सहकारी होत, सफाई कामगार नव्हेत. टर्बो व ट्रोकस गोगलगायी लहान शेवाळ खातात, पण लांब वाढलेल्या झुपक्याकडे त्या पाहतही नाहीत. एमरल्ड खेकडा व्हॅलोनिया खातो, तोही लहर लागली तर. टँग मासे उत्तम चरतात, पण त्यांना पोहायला मोठी टाकी लागते. १०० लिटरच्या पेटीत शेवाळासाठी टँग ठेवणे हा त्या माशावर अन्याय आहे. ब्रायॉप्सिसवर फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक, तर सायनोबॅक्टेरियावर प्रतिजैविके वापरण्याची पद्धत छंदिष्टांत आहे. पहिले बरेचदा गुण देते. दुसऱ्याने टाकीतील उपयोगी जीवाणूंनाही झळ बसू शकते, आणि मूळ कारण तसेच राहिले तर महिन्याभरात चादर परत येते.

भारतात दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. इथल्या समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळखडक आणणे हा गुन्हा ठरतो. म्हणून टाकी कृत्रिम किंवा सुक्या खडकावर उभारावी लागते. असा कोरा खडक पहिले काही महिने शेवाळाच्याच ताब्यात जातो. त्या काळात खाद्य आणि दिव्याचे तास कमी ठेवून धीर धरणे, हाच खरा इलाज.

काढलेले शैवल मोरीत, नाल्यात किंवा समुद्रात टाकू नये. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसलेले कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातले शैवल पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरले. कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडजवळ २००० मध्ये ते सापडले, तेव्हा ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते नष्ट करावे लागले आणि त्याला २००६ उजाडले. मालवणच्या किनाऱ्यालगत आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला आंग्रिया बँकवर प्रवाळ आहेत. म्हणून उपटलेले शेवाळ उन्हात कडकडीत वाळवावे आणि मगच कचऱ्यात टाकावे.