विमानांची वंशावळ आणि आपली नगरे

घराण्याचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम वंशावळ शोधतो. पोटमाळ्यावरच्या पेटीतले कागद चाळतो, नाशिक-त्र्यंबकास किंवा काशीस गेला तर क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या उघडावयास लावतो. कोणता पूर्वज कोणत्या साली देश सोडून कोठे गेला, कोणाची शाखा खुंटली, कोण दत्तक आले, हे त्या वह्यांत कोरड्या अक्षरांत नोंदलेले असते. त्या कोरड्या नोंदी एकापुढे एक मांडल्या म्हणजे त्यांतून घराणे हळूहळू बोलू लागते. बृहन्महाराष्ट्रातील आपणा जुन्या वसाहतवाल्यांना हा अनुभव नवा नाही.

विमानांच्याही अशाच वंशावळी ठेवणारी हौशी मंडळी जगभर आहेत. एखाद्या विमान कंपनीने कोणते विमान केव्हा घेतले, त्याचा कारखान्यातला क्रमांक कोणता, नोंदणीची अक्षरे कोणती, ते कोणाला विकले, कोठे कोसळले, कोठे मोडीत निघाले, याच्या याद्या ही मंडळी वर्षानुवर्षे जुळवीत असतात. इंग्लंडमधील ‘एअर-ब्रिटन’ ही संस्था १९४८ सालापासून हेच काम करीत आली आहे. बाहेरच्या माणसाला हा छंद पोरखेळ वाटतो. आम्हांस मात्र असे वाटते की, या याद्या नीट वाचल्या तर त्यांत आपल्याच नगरांच्या इतिहासाचे एक हरवलेले पान सापडते. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, नागपूर, गोवा ही ठिकाणे आकाशमार्गाच्या नकाशावर केव्हा आली आणि केव्हा मागे पडली, हे ठरविण्यात राजे आणि मंत्री यांच्याइतकाच विमानाच्या पल्ल्याचा आणि कार्यशाळेतल्या कारागिरांचा हात होता.

आरंभ सर्वश्रुत आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या पिशव्या घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला ते उतरले. लंडनहून कराचीपर्यंत टपाल इम्पीरियल एअरवेज आणीत असे. तेथून पुढे ते मद्रासपर्यंत नेण्याचा ठेका टाटांकडे होता. जुहूपासून पुढचा प्रवास नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने केला. त्याने बळ्ळारीस रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी तो मद्रासला पोहोचला. टाटांचे विमान डी हॅविलंड कंपनीचे ‘पस मॉथ’ होते, नोंदणी व्हीटी-एडीएन. पंख लाकडी, सांगाडा पोलादी नळ्यांचा, वर कापडाचे आवरण आणि पुढे एकच इंजिन. कराची ते मुंबई हे अंतर एका दमात तोडणे त्याच्या कुवतीबाहेरचे होते, म्हणून अहमदाबाद. मुंबई ते मद्रास हेही तसेच, म्हणून बळ्ळारी. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आणून विमानात ओतीत असत. पुढे या मार्गावर बळ्ळारीऐवजी हैदराबाद हा थांबा आला.

येथे आपल्या वाचकांस एक जुनी गोष्ट आठवेल. पेशवाईत पुण्याहून उत्तर हिंदुस्थानात पत्रे जात, ती जासुदांच्या आणि सांडणीस्वारांच्या हस्ते. माणसाच्या पायांची आणि जनावराच्या दमाची जी मर्यादा, तीच मुक्कामांची गावे ठरवी. मुंबईच्या विमानाने उत्तरेची वाट धरली, तेव्हा नेमके तेच घडले. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांनी मुंबई-दिल्ली सेवा सुरू केली, ती इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर या मार्गाने. होळकर आणि शिंदे यांच्या फौजा ज्या दिशेने उत्तरेकडे गेल्या, साधारण त्याच दिशेने आता टपालाचे विमान जाऊ लागले. तीनही थांबे केवळ इंधनापायी होते असे नाही. तिन्ही ठिकाणे संस्थानांच्या राजधान्या होत्या. परंतु मध्ये उतरल्यावाचून दिल्ली गाठता येत नव्हती, हेही तितकेच खरे. इंदूर येथे विमानतळाची जागा निवडण्याच्या कामी होळकर दरबाराने याच व्हिन्सेंटचा सल्ला घेतला होता आणि त्यातून बिजासनची जागा मुक्रर झाली. आजही इंदूरचा विमानतळ तेथेच आहे आणि त्यास देवी अहिल्याबाईंचे नाव आहे.

दक्षिणेच्या बाजूस त्याआधीच, १९३५ च्या ऑक्टोबरात, मुंबई-त्रिवेंद्रम सेवा सुरू झाली होती. तिचा एक थांबा गोवा होता. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातून निघालेले विमान परक्या राज्यात उतरून पुन्हा आपल्या वाटेस लागे. नकाशावरच्या राजकीय सीमेपेक्षा किनाऱ्यावरच्या अंतराचे गणित येथे अधिक बलवान ठरले.

आता कार्यशाळेकडे वळू. १९३२ साली टाटांच्या या विमान विभागाकडे दोन जुनी विमाने, खुद्द टाटा आणि व्हिन्सेंट धरून तीन वैमानिक आणि तीन यंत्रज्ञ होते. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठचे मैदान. पावसाळ्यात तेथे चिखल होई. मग सगळे बिऱ्हाड उचलून पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानात जाई. विमान लाकडाचे आणि कापडाचे असल्याने ओल हा त्याचा मोठा शत्रू. कापड सैल पडले की लेप लावून ताणावे लागे, सांध्यांतला डिंक तपासावा लागे, लाकूड कुजले नाही ना ते पाहावे लागे. म्हणजे पहिल्या पिढीचा विमानयंत्रज्ञ हा निम्मा सुतार आणि निम्मा शिंपी होता. तरीही १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या विमानांनी १,६०,००० मैल अंतर कापले आणि १५५ उतारू नेले, आणि हे सर्व घड्याळाच्या काट्यावर. या वक्तशीरपणाचे श्रेय वैमानिकांना मिळाले, ते योग्यच. परंतु रात्री कंदिलाच्या उजेडात इंजिन उघडून बसणाऱ्यांची नावे सार्वजनिक इतिहासात क्वचितच आढळतात.

दुसरे महायुद्ध संपले आणि ताफ्याचा चेहरा एकदम पालटला. लढाईसाठी अमेरिकेने डीसी-३ जातीची, म्हणजे आपल्याकडे ‘डाकोटा’ या नावाने ओळखली जाणारी, १०,००० च्या आसपास लष्करी विमाने बांधली होती. त्यांपैकी हिंदुस्थानात राहिलेली कितीतरी विमाने मोडीच्या भावात विकावयास निघाली. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने त्यांची डागडुजी करून, खुर्च्या बसवून ती नागरी कामाला योग्य केली. जुना वाडा विकत घेऊन, खांब-तुळया शाबूत ठेवून त्यात नवा संसार थाटावा, तसे हे झाले. या स्वस्त विमानांमुळेच देशात ठिकठिकाणी नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांतली एक आपल्या हैदराबादची. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतली डेक्कन एअरवेज १९४५ साली स्थापन झाली, ती बेगमपेठेहून डाकोटा चालवी. टाटांची कंपनी १९४६ साली ‘एअर इंडिया’ झाली.

डाकोटाचा पल्ला मॉथपेक्षा पुष्कळ मोठा. त्याचा सर्वांत सुंदर उपयोग झाला तो नागपुरास. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार दिशांनी चार विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. देशाच्या मध्यावर असणे एवढेच नागपूरचे भांडवल; पण विमानाचा पल्ला आणि रात्रीचे तास यांचा मेळ बसताच तेवढ्या भांडवलावर ते शहर टपालाचे हृदय बनले. ही सेवा १९७३ सालापर्यंत चालली.

१९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले. डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या विलीन होऊन इंडियन एअरलाइन्स बनली. तिच्या वाट्यास ९९ विमाने आली. त्यांत ७४ डाकोटा, १२ व्हायकिंग आणि ३ स्कायमास्टर होती. हौशी मंडळींच्या याद्यांत या जागी एक गमतीचा भाग दिसतो: विमान तेच, नोंदणीची अक्षरे तीच, मालकाचे नाव मात्र एका रात्रीत बदललेले. देखभालीच्या वहीत तर तेवढाही खंड पडत नाही. विमानाची एक नोंदवही, प्रत्येक इंजिनाची वेगळी नोंदवही, पंख्याची आणखी वेगळी. ठरावीक तास उडाले की इंजिन उतरवायचे, उघडायचे, झिजलेले भाग बदलून दुसऱ्याच विमानाला चढवायचे. अशा रीतीने एकाच इंजिनाने अनेक विमानांत चाकरी केलेली असते. मालक बदलले, झेंडा बदलला, तरी त्या वह्यांतला तासांचा हिशेब अखंड पुढे चालू राहतो. कंपनीचे सातत्य शोधावयाचे तर ते संचालकांच्या यादीपेक्षा या हिशेबात अधिक खरेपणाने सापडते, असे आमचे मत आहे.

यानंतरचा काळ मोठ्या पल्ल्याचा. इंडियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये चार इंजिनांची व्हायकाउंट आणली, १९६४ मध्ये कॅराव्हेल ही जेट विमाने आणली. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ घेतले आणि जून १९६२ मध्ये आपली शेवटची पंख्यांची विमाने निवृत्त करून ताफा पूर्णतः जेटचा केला. मुंबईहून निघालेले विमान आता थेट दिल्लीस उतरू लागले. इंदूर आणि ग्वाल्हेर यांच्यावरून ते इतक्या उंचीने जाई की, खाली घंटाघर आहे की किल्ला हे वैमानिकास दिसण्याचे कारण उरले नाही. दिल्ली-ग्वाल्हेर-भोपाळ-इंदूर-मुंबई असा टप्प्याटप्प्याचा मार्ग पुढेही राहिला, पण तो आता राजमार्ग नव्हता, शाखा झाली होती. ज्या दुबळेपणामुळे विमानाला आपल्या अंगणात उतरावे लागत होते, तो दुबळेपणा संपताच आपले अंगण मागे पडले. यात कोणी आपला द्वेष केला नव्हता. हा यंत्राच्या प्रगतीचाच परिणाम होता.

मात्र देखभालीने पुढे यातल्या काही शहरांना पुन्हा बोलावले. मोठ्या विमानाची मोठी तपासणी म्हणजे आठवडेच्या आठवडे विमान खोलून ठेवणे. त्यास विस्तीर्ण जागा लागते आणि महानगरात ती परवडत नाही. एअर इंडियाने बोइंग कंपनीस दिलेल्या मोठ्या मागणीच्या करारातून नागपूरच्या मिहान प्रकल्पात देखभाल केंद्र उभे राहिले आणि २०१५ साली ते सुरू झाले. हैदराबादेस बेगमपेठेची नागरी वाहतूक २००८ मध्ये शमशाबादेस गेली आणि तेथेही अशा कार्यशाळा उभ्या राहिल्या. जेथे एके काळी टपालाच्या पिशव्या बदलत, त्या नागपुरात आता विमानांचे सुटे भाग बदलतात.

ताफा बदलतच राहणार. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एकत्र आल्या. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने ४७० नव्या विमानांची मागणी जाहीर केली. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या एका जुन्या बोइंग ७४७ ने मुंबई कायमची सोडली, तेव्हा वैमानिकाने दोन्ही बाजूंस पंख झुकवून निरोप घेतला, आणि हौशी मंडळींनी यादीत त्या अक्षरांसमोर शेवटची नोंद केली.

या याद्या जुळविणारे बहुतेक लोक परदेशात बसून हे काम करतात. त्यांच्याजवळ विमानांची अक्षरे आहेत. माणसांची नावे नाहीत. ती आपल्या घरांत असण्याचा संभव आहे. १९३७ च्या टपालाचे ग्वाल्हेर किंवा इंदूरचा शिक्का असलेले पाकीट, बेगमपेठेच्या कार्यशाळेत नोकरी केलेल्या आजोबांचा परवाना, नागपूरच्या रात्रपाळीचे हजेरीपत्रक, डेक्कन एअरवेजचे तिकीट, अशा वस्तू जुन्या पेट्यांत पडून असतील. रद्दीत देण्यापूर्वी त्या एकदा उलगडून पाहाव्या, त्यांवर कोणाचे, कोणत्या साली, कोणते काम होते ते लिहून ठेवावे आणि शक्य तर आपल्या गावच्या ग्रंथालयास त्यांची प्रत द्यावी. आपल्या पूर्वजांनी वंशावळी राखल्या म्हणून आपण कोण हे आपणांस सांगता येते. विमानांच्या वंशावळीत आपल्या गावचे जे कारागीर होते, त्यांचीही नावे पुढच्या पिढीस सांगता यावीत, एवढीच आमची विनंती आहे.