कॅटनिसच्या आधीच्या मावळकन्या

सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८) या कादंबरीत बारावा जिल्हा कोळसा खणतो आणि झगमगते मात्र कॅपिटॉल. नायिका कॅटनिस एव्हरडीन हिला क्रांतीची हौस नाही. आई आणि धाकटी बहीण उपाशी राहू नयेत म्हणून ती शिकार करते. तिचे धैर्य चुलीपाशी सुरू होते, म्हणूनच ते खरे वाटते.

आता हाच नकाशा सह्याद्रीवर ठेवून पाहा.

लोणावळ्याच्या पावसाळी सहलीत ज्या वळवण धरणापाशी आपण छायाचित्रे काढतो, त्याचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात उतरते. १९१५ पासून टाटांची ही वीज मुंबईच्या गिरण्या फिरवू लागली. १९२२ मध्ये मावळातल्याच ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. त्याच सुमारास कंपनीची नजर शेजारच्या मुळशी खोऱ्यावर होती. तिथे आंबेमोहोराची खाचरे होती आणि सुमारे ५० गावे.

१८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या बाजूने उभा होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. प्राण देऊ, पण जमीन सोडणार नाही, असा निर्धार होता. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. शाळेत आपण एवढेच शिकतो.

पण या लढ्यात स्त्रियाही होत्या. जाईबाई भोईटे हे त्यांतले एक नाव. ते आपल्याला पाठ नाही, याचे मला नेहमी वैषम्य वाटते.

त्यांचा विरोध भाबडा होता, असे समजू नका. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. त्यांना रोख मोबदला सोयीचा होता आणि पुढे त्यांनी तोच पत्करला. लढ्यात फूट पडली ती इथे. घर चालवणाऱ्या बाईचा हिशेब मात्र निराळा असतो. रोकड एकदा खर्चली की संपते. खाचर दरवर्षी भात देते, पेंढा देते, पुढच्या वर्षाचे बियाणे देते. शिवाय मोबदला निघतो खातेदाराच्या नावे. चिखलात वाकून लावणी करणारीचे नाव त्या कागदावर सहसा नसतेच. तिच्या दृष्टीने हा सौदा शंभर टक्के तोट्याचा होता आणि तो तिला नेमका कळला होता.

१९२४ च्या अखेरीस बापटांनी रूळांवर दगड रचून कंपनीची गाडी अडवली. त्यांना दीर्घ कारावास झाला आणि आंदोलन ओसरले.

कादंबरीत तिसऱ्या भागाअखेर कॅपिटॉल कोसळते. इकडे १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. मुळशीच्या पाण्यावर ते आजही चालते.